सही शेवटी

आमच्या दारात कुरिअरवाला आला आणि त्याच्या यंत्रावर बोटाने सही गिरवायची वेळ आली, की माझा मुलगा आतून ओरडतो, "आधी वाच, नाहीतर आजी रागावेल!" ही आजी म्हणजे माझी आत्या. वय 85. राहते इंदिरानगरला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथून खाली क्वचितच उतरते. तरीही आमच्या घरात कुणी कागदावर बेधडक सही करत नाही. निदान तिच्या कानावर जाईल अशी करत नाही.

1963 साली ती नाशिक नगरपालिकेच्या शाळेत लागली आणि 1998 साली निवृत्त झाली. मधे, 1982 मध्ये, नगरपालिकेची महापालिका झाली. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने फरक एवढाच पडला, की खडूंच्या मागणीपत्रावर एक सही जास्त लागायला लागली. काका नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नाशकात 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्याही मनात येत नाही. तिकिटं आणि नोटा छापणारी ती प्रेस. आमच्या लहानपणी प्रेसमधला जावई मिळणं म्हणजे मुलीच्या बापाने पेढे वाटावेत अशी गोष्ट होती. त्यामुळे नोटा छापणाऱ्याची बायको वर्गातले खडूचे तुकडे पदराला बांधून घरी का आणते, हे गल्लीतल्या कुणालाच उलगडत नसे.

त्यांना मूल नव्हतं. तिच्या सगळ्या उद्योगांना लोक हेच कारण लावत. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. मूल नसलेल्या बायका जुन्या नाशकात काही कमी नव्हत्या; त्यांतली एकही भर दुपारी तीन वाजता ओसरीवर फळा टांगत नव्हती.

फळ्याची सुरुवात मला नीट आठवते, कारण तिची पिशवी माझ्या हातात होती. फेब्रुवारी 1991, जनगणना. शिक्षक म्हणून आत्याला प्रगणकाची ड्युटी लागली होती आणि मी बारा वर्षांची, रविवारी तिच्याबरोबर वाड्यावाड्यांतून हिंडत होते. तिवंध्याच्या आसपासचे ते वाडे. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलं की चौक, चौकाभोवती सहा-सात बिऱ्हाडं, आणि कुठेतरी मागून तांबटांचा ठोका चालूच. दर घरी एक प्रश्न यायचा, लिहिता-वाचता येतं का? उत्तर द्यायला पुरुष पुढे. "हो हो, सही करते की ती." आत्या पेन थांबवायची. जनगणनेच्या हिशेबात सही म्हणजे साक्षरता नव्हे. सात वर्षांवरच्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं तरच तो साक्षर. शाळेत गेला की नाही, याच्याशी संबंध नाही. नियम तेवढाच होता. परीक्षा घ्या, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. आत्याने मात्र पिशवीत एक जुनं पोस्टकार्ड ठेवलं होतं. ती ते पुढे करायची आणि म्हणायची, "ही पहिली ओळ वाचा बरं." बाई नवऱ्याकडे बघायची, नवरा आत्याकडे, आणि मी चौकातल्या तुळशीकडे.

त्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांमागे 39 साक्षर निघाल्या, महाराष्ट्रात 52. हे आकडे मी नंतर वाचले. आत्याचा आकडा साधा होता. "आपल्या भांडीवाल्या मावशींपासून सुरुवात करू," ती काकांना म्हणाली. काका म्हणाले, "मग भांडी कोण घासणार?" हा प्रश्न त्यांनी गमतीने विचारला होता असं मला अनेक वर्षं वाटत होतं.

पहिले दोन महिने ओसरीवर पाच जणी यायच्या. शाळेत मुलांना ग म भ न पासून शिकवतात, कारण ती अक्षरं वळणाला सोपी. बायकांनाही आत्या ग पासूनच सुरू करायची, पण तिथून थेट नदीवर जायची. नाशकात गोदावरीला बोलताना कुणी गोदावरी म्हणत नाही. धुणं गंगेवर, बुधवारचा बाजार गंगेवर, दहावं-बारावं गंगेवर. तेव्हा पहिला शब्द 'गंगा'. "एक ग. त्याच्या डोक्यावर टिंब. मग तोच ग, त्याला काना. झाली गंगा." एक अक्षर, एक टिंब, एक काना, एवढ्या भांडवलावर रोजची नदी फळ्यावर उतरलेली बघून एक बाई खुदकन हसली होती. "एवढुशीच?" असं म्हणाली होती.

दोन महिने झाले असतील नसतील, वाड्याच्या मालकीणबाईंनी विचारलं, "या सगळ्या जणी पाणी कुठल्या माठातलं पितात?" पाच जणी कुठल्या वस्तीतून येतात याची चौकशी त्यांनी आधीच करून ठेवली होती. काळारामाच्या दारातला सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांना मालकीणबाईंच्या सासऱ्यांनी त्या वेळी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि हे त्या फार अभिमानाने सांगत. पाहताना सासरे कुठल्या बाजूला उभे होते, हे मात्र कधी सांगितलं नाही. आत्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो माठ तिने स्वतः कडेवर घेतला, शाळेतल्या आपल्या वर्गात नेऊन ठेवला आणि वर्ग तिथेच भरवायला लागली. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही, किल्ली दिली. मालकीणबाई जिंकल्या असंच मला तेव्हा वाटलं. थोडंसं आजही वाटतं. दुसऱ्यांच्या बाबतीत वाघीण असलेली ही बाई स्वतःच्या दारात भांडण आलं की माठ उचलून चालती व्हायची. तिचा हा स्वभाव मी कौतुकात मोजावा की दोषात, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

शाळेत गेल्यावर वर्ग वाढला. बारा, मग वीस. बुधवारी मात्र निम्मा रिकामा, कारण बाजार. मी शाळेतून आले की मदतीला. मदत म्हणजे पेन्सिलींना टोक करणे आणि पाठीमागे उभं राहून कुणाचा हात कुठे अडतो ते बघणे. मोठ्या माणसाचा हात अक्षराला लवकर वळत नाही. चाळीस वर्षं भाकरी थापलेला हात, त्यात पेन्सिल म्हणजे काडी. टोकं मोडायची. एकदा एक आजी अर्धा तास 'मीठ'मधल्या दीर्घ वेलांटीशी झटत होत्या. मला दया आली, मी त्यांची पेन्सिल घेतली आणि फर्रकन काढून दिली. आत्याने ते पाहिलं. बायकांसमोर ती मला काही बोलली नाही. घरी जाताना फक्त म्हणाली, "त्यांची वेलांटी होती ती. तू घेतलीस." वाटेत भेळ खायचं ठरलं होतं, तेही राहिलं.

बायकांना हवी असायची सही. वाचन वगैरे नंतर. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, मुलाच्या दाखल्यावर शाईचं पॅड पुढे आलं की जीव लाजेने चोरायचा, त्यातून सुटका हवी. आत्याला ते समजत होतं. म्हणून आधी सही, मग अक्षरं, असा तिचा सुरुवातीचा क्रम. बायका नाव चित्रासारखं पाठ करायच्या. आठ दिवसांत सही. पेढे वाटले जायचे. सगळ्यात देखणी सही होती आमच्या भाजीवाल्या मावशींची. शेवटच्या अक्षराची रेघ त्या अशी लांब ओढायच्या, जणू खाली नऊवारीचा काठ.

1994 साली महाराष्ट्रात वारसाचा कायदा बदलला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मतः हक्क मिळाला. देशभर हे व्हायला 2005 उजाडावं लागलं. कायदा लागू होण्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या हे खरं, पण वडील गेल्यावर त्यांच्या वाट्यात मुलीचाही वारसा 1956 च्या कायद्यापासून होताच. असले बारकावे गावोगाव कोण सांगत बसणार? भावांपर्यंत एवढंच पोचलं, की बहिणीची सही घेऊन ठेवलेली बरी. आणि बातमी भावांपर्यंत नेहमी आधी पोचते.

1995 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. भाजीवाल्या मावशी नवी कोरी हिरवी साडी नेसून वर्गात आल्या. माहेर दिंडोरीकडचं, भावांच्या द्राक्षबागा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा भाऊ भाऊबिजेला गाडी घेऊन न्यायला आले होते. ओवाळणं झालं, जेवण झालं, दोन दिवसांनी तालुक्याला कचेरीत घेऊन गेले. मावशी सांगत होत्या आणि त्यांचा चेहरा नुसता फुललेला. "बाई, त्या सायबाने शाईचं पॅड पुढे केलं. मी म्हटलं, पॅड नको, पेन द्या. भाऊ बघतच राहिले!" वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

आत्याने विचारलं, "सही कशावर केलीत?"

"ते काही माहीत नाही. पण बाई, चार ठिकाणी केली. चारी ठिकाणी सारखी आली."

आत्याने खडू फळ्याखालच्या पट्टीवर ठेवला आणि वर्ग सोडून दिला. तिने वर्ग मधेच सोडल्याचं मला आठवतं ते एवढंच. रात्री ती काकांना म्हणाली, "अंगठा असता तर निदान कुणीतरी विचारलं असतं, बाई, वाचून दाखवू का? सही करणाऱ्या बाईला कोण विचारतं!" काका म्हणाले, "यात तुझा काय दोष?" ती काही बोलली नाही. मी सोळा वर्षांची होते. मला वाटलं, ही जरा अतीच करतेय.

दुसऱ्या दिवसापासून क्रम उलटा. आधी वाचन, मग लिहिणं, सही शेवटी. नुसती शेवटी नव्हे, अट घालून. अनोळखी छापील कागद, म्हणजे विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, निवडणुकीचं पत्रक, यांतलं काहीही स्वतः वाचून त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगितलं, तरच सही शिकवणार. याला कुणाला वर्ष लागायचं, कुणाला दोन. निम्म्या बायका सोडून गेल्या. काही जणी तर शेजारच्या मुलांकडून आठ दिवसांत सही शिकल्या आणि रस्त्यात आत्या दिसली की पदर सावरून दुसरीकडे बघायला लागल्या. मला वाटतं, तिचं चुकलं. ज्या बाईला फक्त शाईपासून सुटका हवी होती, तिला तेवढी द्यायला हरकत नव्हती. प्रत्येकीला काही भाऊ नव्हते आणि प्रत्येकीच्या भावाला द्राक्षबाग नव्हती. हे मी तिला पुढे केव्हातरी बोलूनही दाखवलं. "असेल," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली. आत्याचं 'असेल' म्हणजे बंद दार.

पण टिकल्या त्यांनी काय केलं, तेही पाहिलंय. 2001 च्या सुमाराची गोष्ट असावी. एका बँकेत मी रांगेत उभी होते आणि पुढे खिडकीशी त्याच 'मीठ'वाल्या आजी. बचत गटाच्या कर्जाचा कागद होता. आतल्या माणसाने फुल्या मारून दिल्या. "आजी, इथे, इथे आणि इथे." आजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाल्या, "थांबा, वाचते." आणि वाचायला लागल्या. मनात नव्हे, मोठ्याने. त्यांना मनात वाचता येत नसे. "क-र्ज-दा-रा-ने…" मागे रांग कुजबुजायला लागली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो आजी, घरी नेऊन वाचा." आजींनी बोट ओळीवरून न उचलता मान वर केली, म्हणाल्या, "बाईंनी सांगितलंय," आणि पुन्हा खाली. वीसेक मिनिटं गेली. मला एका बाजूने शरम वाटत होती आणि दुसऱ्या बाजूने ओरडून सांगावंसं वाटत होतं, की त्या बाई म्हणजे माझी आत्या. दोन्ही न करता मी घड्याळाकडे बघत राहिले.

निवृत्तीनंतर वर्ग सराफ बाजाराच्या खालच्या अंगाला एका वाड्याच्या तळखोलीत गेला. 19 सप्टेंबर 2008 ला गंगेला पूर आला. नाशिककर पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच्या अंगावर. गुडघ्याला लागला, कंबरेला लागला, गळ्याशी आला. त्या दिवशी मारुतीवर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं; पाणी बाजारपेठेत शिरलं होतं. दोन दिवसांनी आम्ही तळखोली उघडली. गुडघाभर गाळ आणि त्यात आत्याची लोखंडी पेटी. आत सतरा वर्षांच्या हजेऱ्या आणि बायकांच्या वह्या. आम्ही सगळं गच्चीवर नेऊन पसरलं, पानापानांत रद्दी घातली. तेव्हा एक गंमत कळली. आत्याने शाईच्या पेनाने मांडलेल्या हजेऱ्या पार धुऊन गेल्या होत्या, पानभर नुसते निळे ढग. बॉलपेनचे शेरे फुटले होते, तरी लागत होते. आणि बायकांनी शिसपेन्सिलीने गिरवलेलं सगळं जसंच्या तसं होतं. गंगा, गंगा, गंगा. मीठ. एका वहीत शेवटच्या पानावर लांब रेघ ओढलेली एक सही. आत्याने ती वही बाजूला ठेवली आणि बाकीची रद्दीत गेली.

काका गेले, जुना वाडा सोडला, ती इंदिरानगरला आली. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, नेमकं जिकडे बघावं तिकडचं दिसत नाही. "ओळीतलं मधलं अक्षर कुणीतरी खातं," असं ती म्हणते. म्हणजे आयुष्यभर जिने वाचायला लावलं तिलाच वाचता येत नाही. यावर हळहळायला आलेल्यांना ती चहा देते आणि त्यांच्याकडूनच वर्तमानपत्र वाचून घेते, अग्रलेखासकट. त्यामुळे हळहळणारे आता कमी येतात.

बाबा गेल्या वर्षी गेले. तिवंध्याचा आमचा वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. मागचा खण पावसात बसला होता, महापालिकेची नोटीसही लागली होती. कागदपत्रं काढली तेव्हा वकील म्हणाले, "तुमच्या आत्यांचं एक हक्कसोडपत्र आहे, 1979 चं. पण साध्या मुद्रांकावर लिहिलेलं आहे, त्याची नोंदणी झालेली नाही. तेव्हा करारावर त्यांची संमती देणार म्हणून सही घ्या. घरच्याच आहेत, काही अडचण नाही ना?"

मी म्हटलं, काही अडचण नाही.

हक्कसोडपत्राबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. त्या वाड्यात मी जन्मले, वाढले, माझं लग्न तिथल्या चौकात झालं. आत्या दोन गल्ल्या पलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत राहून रोज आमच्या दारावरून शाळेत जात होती.

रविवारी चिवड्याचा पुडा आणि 34 पानांचा करारनामा घेऊन तिच्याकडे गेले. खरं सांगायचं तर मी घाईत होते. बिल्डरला सोमवारी कागद हवा होता. फुल्या मारून आणल्या होत्या, तिचा हात धरून पेन जागेवर टेकवलं की झालं, असा हिशेब. तिने कागद हातात घेतला, अंगठ्याने कडा चाळून जाडी बघितली आणि माझ्याकडे परत दिला. "वाच."

वाचायला लागले. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, चटईक्षेत्र. तिसऱ्या पानावर तिचं नाव आलं, त्यापुढे 'संमती देणार'.

"म्हणजे काय?" तिने विचारलं. तिला माहीत नव्हतं असं नाही. मी माझ्या शब्दांत सांगावं अशी तिची इच्छा होती.

मी सांगितलं. नोंदणीचंही सांगितलं. म्हणजे तो कागद कच्चा आहे, आत्या, कायद्याने बघितलं तर तुझा हिस्सा बहुतेक अजून आहेच. हे शेवटचं वाक्य मी चिवड्याच्या पुड्याकडे बघून बोलले.

"तेव्हा तू सहा महिन्यांची होतीस," ती म्हणाली. "वकिलाने लिहून आणलं होतं. माजघरात पाट मांडला होता."

"वाचलं होतंस तू?"

"दोनदा."

"मग?"

"मग काय? वाचता येणाऱ्या बाईनेही नाही म्हणायचं असतं, हे मला कुठे कुणी शिकवलं होतं?" असं म्हणून ती थोडा वेळ खिडकीच्या कडेला बघत बसली. म्हणजे बहुधा माझ्याकडेच बघत होती. मग म्हणाली, "साडी नाही आणलीस?"

मी पेनाचं टोपण लावलं. बिल्डर, सोमवार, मुहूर्त, काय काय मनात होतं, त्यातलं काहीही तोंडातून निघेना. तिने पुडा ओढून घेतला, गाठ सोडली, दोन वाट्यांत चिवडा काढला आणि त्यातले शेंगदाणे माझ्या वाटीत टाकले. लहानपणापासून ती हेच करते, तिला दात नसण्याच्या कितीतरी आधीपासून.

"कागद इथेच राहू दे. गुरुवारी ये, मोकळी असशील तेव्हा," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाचू. घाईत वाचलंस, चतुःसीमेत उत्तरेला कोणाचं घर म्हणालीस ते मला कळलंच नाही."

त्याला तीन गुरुवार झाले. बिल्डरचा रोज फोन येतो. आम्ही 19 व्या पानावर आहोत.